भूगर्भातील अमानत



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरसाल भरते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला दोन वर्षे लाभले, आणि त्या दोन वर्षांत फळ्यावर त्यांनी जितके शिकविले त्याहून अधिक एका काचेच्या नळीने शिकविले, असे आज मागे वळून पाहताना वाटते. त्या नळीत त्यांनी गावच्या शेतातील काळी माती थोड्या वाळूत मिसळून भरली होती. वरून मेथिलिन ब्लूचे गर्द निळे पाणी ओतले, आणि आम्ही मुले खाली ठेवलेल्या पेल्याकडे टक लावून बसलो असता, बऱ्याच वेळाने जो थेंब पडला तो स्वच्छ होता. मग तशाच दुसऱ्या नळीत त्यांनी तांबडी शाई ओतली. ती मात्र जशी वर होती तशी तांबडी खाली उतरली. निळा रंग कोठे गेला, असे त्यांनी विचारले, तेव्हा एक मुलगा म्हणाला, "मातीने खाल्ला." गुरुजी म्हणाले, "खाल्ला नाही, बाळ, धरला. खाणे आणि धरणे यांत अंतर आहे." आज मी आपल्यापुढे जे काही मांडणार आहे ते सारे या एका वाक्याचे विवरण आहे, आणि त्या अंतराचा विसर पडल्यामुळे एका मोठ्या नदीच्या काठी काय घडले, त्याची ती कैफियत आहे.

मातीच्या या धरण्याचा शोध आगगाड्यांच्या आरंभकाळातला आहे. यॉर्कशायरमधील एक जमीनदार, हॅरी स्टीफन थॉम्प्सन, यांच्या मनात असा प्रश्न आला की, शेणखतातील अमोनिया पावसाच्या पाण्याबरोबर वाहून का जात नाही. त्यांनी मातीच्या थरातून अमोनियम सल्फेटचे द्रावण गाळून पाहिले, आणि खाली अमोनियमऐवजी कॅल्शियमचे सल्फेट, म्हणजे जिप्सम, उतरलेले आढळले. जॉन थॉमस वे या रसायनज्ञाने ते काम हाती घेऊन १८५० साली त्याची साद्यंत हकीकत प्रसिद्ध केली. मातीने अमोनियम ठेवून घेतले होते आणि त्याच्या बदल्यात तितकेच कॅल्शियम पाण्याला मोजून दिले होते. हा शुद्ध विनिमय होता. आणि विनिमय म्हटला की त्यात उलट व्यवहाराची शक्यता मुळातच गृहीत असते, ही गोष्ट पुढच्या साऱ्या कथेत ध्यानात ठेवावयाची आहे.

याचे कारण चिकणमातीच्या कणाच्या घडणीत आहे. सिलिका आणि ॲल्युमिना यांचे अतिसूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचून हा कण बनतो. त्या रचनेत कोठे सिलिकॉनच्या जागी ॲल्युमिनियम, कोठे ॲल्युमिनियमच्या जागी मॅग्नेशियम येऊन बसल्यामुळे पापुद्र्याला कायमचा ऋणभार येतो, आणि तो फेडण्यासाठी कॅल्शियम, सोडियम, पोटॅशियम यांचे धनभारित आयन पृष्ठभागाशी सैलपणे चिकटून राहतात. आपल्या देशावरच्या भारी काळ्या जमिनीत अशा मातीचे प्रमाण फार मोठे असते. म्हणून तर ती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि घातलेले खत धरून ठेवते, हे शेतकऱ्याला वे यांच्या पूर्वीपासून ठाऊक होते. धनभाराचा निळा रंग त्या नळीत अडकला आणि ऋणभाराची तांबडी शाई सुटून गेली, त्याचेही मर्म हेच. युरिया घातलेल्या शेताशेजारच्या विहिरीत नायट्रेट का सापडते, या प्रश्नाचे उत्तरही तेथेच आहे: अमोनियमच्या रूपात असेपर्यंत नत्र मातीने धरलेले असते, परंतु जमिनीतील जिवाणूंनी त्याचे नायट्रेट केले की त्याचा भार पालटतो, मातीची पकड सुटते, आणि पहिल्या जोराच्या पावसात ते विहिरीची वाट धरते. पदार्थ तोच, माती तीच. रूप मात्र पालटले, आणि सारा निकाल फिरला.

आता मी आपल्याला अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यातील कोलंबिया नदीच्या तीरी, हॅनफोर्ड नावाच्या ठिकाणी नेतो. तेथील भूमी आपल्याला अगदीच परकी नाही. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ जसा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांनी बनला, तसाच त्या प्रदेशाचा पायाही बेसाल्टचाच आहे, जरी तो वयाने पुष्कळ लहान, सुमारे पावणेदोन कोटी वर्षांपासून पुढे साठत गेलेला, असला तरी. भेद वरच्या थरांत आहे. आपल्याकडे मुरूम खणला की कातळ लागतो. तेथे कातळावर वाळू, गोटे आणि रेव यांचे प्रचंड जाड थर पसरलेले आहेत. हे थर आणले हिमयुगाच्या अखेरच्या महापुरांनी: बर्फाच्या बांधामागे तुंबलेले एक अवाढव्य सरोवर तो बांध फुटून वारंवार मोकळे झाले, आणि त्या लोंढ्यांनी प्रदेशच्या प्रदेश खरवडून काढून त्याचा गाळ या खोलगट भागात टाकला. जे. हार्लन ब्रेट्झ या भूवैज्ञानिकाने १९२३ साली हे प्रथम मांडले, तेव्हा त्याच्या समव्यावसायिकांनी ते दीर्घकाळ मानले नाही. १९७९ साली, तो शहाण्णव वर्षांचा असताना, त्याला पेनरोज पदक देण्यात आले. भूगर्भाचे सत्य उशिरा मान्य होण्याची ती काही पहिली वेळ नव्हती, आणि शेवटचीही नव्हती.

१९४३ साली अमेरिकी सरकारने युद्धकार्यासाठी हा सारा मुलूख, म्हणजे सुमारे १५०० चौरस किलोमीटर, ताब्यात घेतला. हॅनफोर्ड आणि व्हाइट ब्लफ्स या दोन गावांतील बागाईतदारांना घरे सोडण्यासाठी जेमतेम महिन्याची मुदत मिळाली, आणि वानापम नावाच्या ज्या आदिवासी लोकांच्या पिढ्यान् पिढ्या त्या नदीच्या मासळीवर जगत आल्या होत्या, त्यांना आपल्या हिवाळी वस्तीच्या जागेस मुकावे लागले. सप्टेंबर १९४४ मध्ये तेथील पहिली मोठी अणुभट्टी सुरू झाली; नागासाकीवर टाकलेल्या बॉम्बमधील प्लुटोनियम येथेच तयार झाले. पुढे भट्ट्यांची संख्या नऊवर गेली, आणि शेवटची १९८७ साली थंडावली. या चार दशकांत प्लुटोनियम वेगळे काढण्याच्या कामी जे अतितीव्र टाकाऊ द्रव उत्पन्न झाले ते जमिनीत पुरलेल्या १७७ पोलादी टाक्यांत साठविले गेले, आणि त्यांचे प्रमाण आजही सुमारे २१ कोटी लिटर आहे. परंतु जे द्रव सौम्य समजले गेले ते सरळ जमिनीत, खड्ड्यांत, चरांत आणि तळ्यांत सोडण्यात आले. त्यांची एकूण बेरीज १.७ लाख कोटी लिटरच्या आसपास जाते.

हे केवळ बेपर्वाईने केले, असे म्हणणे मला न्यायाचे वाटत नाही. तेथील रसायनज्ञांना वे यांचा सिद्धांत चांगला ठाऊक होता. टाक्यांच्या परिसरात भूजल ६० ते ९० मीटर खोल, त्यावर कोरड्या वाळूचा थर, पाऊस फार थोडा. त्या थराला त्यांनी एक प्रचंड गाळणी मानले. एखाद्या चरात द्रव सोडीत राहावयाचे, जवळच्या निरीक्षण-विहिरीत सीझियम किंवा स्ट्रॉन्शियम यांचा अंश ठराविक मर्यादेच्या जवळ आला की तो चर बंद करून दुसरा खणावयाचा, असा शिरस्ता पडून गेला. मातीच्या धारणशक्तीचा रीतसर हिशेब ठेवणारे ते लोक होते. त्यांची चूक हिशेबातील आकड्यांत नव्हती. मातीने ठेवून घेतलेल्या गोष्टीला त्यांनी खर्ची टाकलेली रक्कम मानले, आणि वस्तुतः ती अमानत होती.

या हिशेबाचे मुख्य साधन एक गुणोत्तर आहे: एक ग्रॅम गाळाने किती पदार्थ धरला, आणि एक मिलिलिटर पाण्यात किती उरला. याला वाटप-गुणांक म्हणू. सामान्य वाळूच्या थरात हा गुणांक शून्य असेल तर पदार्थ पाण्याच्याच वेगाने चालतो. एक असेल तर साधारण पाचपट मंद चालतो. हजार असेल तर, पाणी चार हजार मीटर जाईल तेव्हा पदार्थ जेमतेम एक मीटर सरकेल. प्रयोगशाळेत एका बाटलीत गाळ आणि पाणी घालून, हलवून, हा आकडा काढता येतो. सोयीचा आकडा आहे, आणि सोय हाच त्याचा धोका आहे. कारण बाटलीत जे पाणी घातले त्याच पाण्यापुरता तो खरा असतो.

सीझियमचे उदाहरण याची साक्ष देते. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य ३० वर्षांचे; म्हणजे ३०० वर्षे ते जागच्या जागी राहिले तर हजारातला एक भाग उरतो. आणि ते जागच्या जागी राहील असे मानण्यास आधारही उत्तम होता. हॅनफोर्डच्या वाळूत काळ्या-पांढऱ्या अभ्रकाचे कण आहेत. अभ्रकाच्या पापुद्र्यांमध्ये मुळात पोटॅशियम बसलेले असते. हवापाण्याने झिजताना कडेचे पोटॅशियम निघून जाते, आणि जुन्या पोथीच्या पानांच्या कडा विराव्यात तशा त्या पापुद्र्यांच्या कडा विरून किंचित उघडतात. सीझियमचा आयन आकाराने मोठा, पण पाण्याच्या रेणूंचे वेष्टन त्याच्यापाशी अगदी सैल. ते सहज टाकून तो त्या विरलेल्या कडांत शिरतो आणि पोटॅशियमच्या रिकाम्या जागी घट्ट बसतो. सोडियमच्या आयनाला आपले पाण्याचे जाड वेष्टन सोडवत नाही, म्हणून त्या जागांवर त्याचे सीझियमपुढे काही चालत नाही. साध्या भूजलात सीझियमचा वाटप-गुणांक हजारांत जातो तो यामुळे.

परंतु टाक्यांतून गळलेले द्रव म्हणजे साधे भूजल नव्हते. १७७ पैकी १४९ टाक्या एकेरी कवचाच्या, आणि त्यांतील ६७ टाक्यांतून गळती झाल्याचे मानले जाते. सुमारे ३८ लाख लिटर द्रव वाळूत उतरला. तो सोडियम नायट्रेट आणि दाहक सोडा यांनी जवळजवळ संपृक्त होता, आणि काही टाक्यांत तर स्वतःच्या किरणोत्सर्गाच्या उष्णतेने उकळत होता. १९९०च्या दशकात एसएक्स नावाच्या टाक्यांच्या समूहाखाली विंधनछिद्रे घेतली असता, सीझियम अपेक्षेहून पुष्कळ खोल सापडले, आणि संबंधित वैज्ञानिकांची झोप उडाली. जॉन झकारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या व २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने त्याचा उलगडा झाला. विरलेल्या कडांच्या जागा फार पक्क्या, पण संख्येने फार थोड्या; त्या भरल्यावर उरलेले सीझियम पापुद्र्यांच्या साध्या पृष्ठभागावर विसंबून असते, आणि तेथे एकटा सोडियम जरी दुबळा असला तरी लाखोंच्या जमावाने आला म्हणजे सीझियमला उठवून लावतो. एखाद्या यात्रेत ज्याला एरवी कोणी हात लावू शकत नाही असा धिप्पाड मनुष्यही गर्दीच्या रेट्याने पुढे ढकलला जातो, तसे ते झाले. सुदैव इतके की, ती गर्दी पुढे जाऊन पातळ होताच सीझियमला पुन्हा अभ्रकाच्या मोकळ्या कडा सापडल्या, आणि ते खोलवर का होईना, पुन्हा धरले गेले. भूजलापासून ते अद्याप बरेच वर आहे.

टेक्नेशियम-९९ बद्दल फार बोलण्यासारखे नाही, कारण त्याच्या बाबतीत मातीला काही बोलावयाचेच नसते. प्राणवायूयुक्त पाण्यात ते ऋणभारित परटेक्नेटेटच्या रूपात असते, तांबड्या शाईप्रमाणे सरळ वाट काढते, आणि त्याचे अर्धायुष्य दोन लाख वर्षांहून अधिक आहे. जी विषे पंपाने पाणी उपसून व ते शुद्ध करूनच काढावी लागतात, त्यांतले ते एक.

युरेनियमची गोष्ट मात्र या सर्वांहून अधिक नाजूक, आणि माझ्या मते अधिक बोधक आहे. हॅनफोर्डच्या दक्षिण टोकास, नदीच्या अगदी काठाशी, अणुभट्ट्यांसाठी युरेनियमच्या कांड्या तयार होत; तेथील सांडपाणी १९४३ पासून आधी तळ्यांत आणि १९७५ नंतर चरांत सोडले जाई. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून त्यात युरेनियम जाणे जवळजवळ थांबले, आणि पुढे दूषित मातीही बरीच खणून नेली. भूजलातील युरेनियम हळूहळू धुऊन नदीत जाईल आणि त्याचे प्रमाण ३ ते १० वर्षांत मर्यादेखाली येईल, असा अंदाज बांधून १९९६ साली तूर्त केवळ देखरेख ठेवण्याचा निर्णय झाला. दहा वर्षे गेली. युरेनियम जेथल्या तेथे राहिले.

असे का झाले, याचा शोध घेताना तीन गोष्टी उघड झाल्या. पहिली ही की, युरेनियमचा जो विद्राव्य आयन, युरॅनिल, तो एकटा असता धनभारित असतो आणि लोखंडाच्या गंजावर व चिकणमातीवर छान बसतो. परंतु पाण्यात कार्बोनेट असेल तर तो त्याच्याशी जोडला जाऊन ऋणभारित होतो, आणि सोबत कॅल्शियमही असेल तर तिघांचे मिळून असे संयुग बनते की ज्यावर भारच उरत नाही. मग गंजाला त्याचे काही वाटेनासे होते. भूजलात कार्बोनेट अधिक असते, कोलंबियाच्या पाण्यात कमी. म्हणून नदीचे पाणी काठातून आत शिरले की युरेनियम कणांना बिलगते, आणि भूजल परत आले की सुटते. दुसरी गोष्ट, वसंताच्या अखेरीस डोंगरावरचा बर्फ वितळून नदी चढते, तिच्याबरोबर काठाखालचे भूजलही वर येते, आणि एरवी कोरड्या असलेल्या ज्या थरात जुन्या सांडपाण्याचे युरेनियम अडकून आहे त्या थराला भिजवून, त्यातील काही अंश दरसाल खाली घेऊन जाते. जणू वर्षाच्या ठराविक मुदतीला व्याजाची वसुली होते आणि मुद्दल तसेच राहते. तिसरी गोष्ट कणांच्या अंतरंगातली. युरेनियम केवळ पृष्ठभागावर नव्हते: काही चुनखडीच्या लेपात मिसळून गेले होते, काही तांब्याबरोबर फॉस्फेटचे खनिज होऊन बसले होते, आणि काही कणांतल्या अशा सूक्ष्म भेगांत शिरले होते की, तेथून बाहेर येण्यास त्याला महिने आणि वर्षे लागतात. बाटलीतला प्रयोग दोन दिवसांत आटोपतो; भूगर्भातला चाळीस वर्षे चालला होता. शिवाय तो थर बहुतांशी गोट्यांचा, आणि प्रयोगशाळेत मापले जात होते ते गोटे चाळून उरलेल्या बारीक वाळूचे.

आत घेताना माती घाई करते आणि परत देताना सावकाशी, हा भेद त्या १० वर्षांच्या अंदाजात धरलेला नव्हता. मला हे सांगताना वाईट वाटते, कारण ज्यांनी तो अंदाज केला ते आपल्या शास्त्राचे जाणकार होते. परंतु एका गुणांकाच्या बळावर एका नदीचा निकाल लावण्याचा अधिकार त्या गुणांकाला कधीच नव्हता, हेही तितकेच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मग उपाय काय? जेथे उपसा चालत नाही तेथे आता भूगर्भालाच अधिक घट्ट धरावयास शिकविण्याचे प्रयत्न चालले आहेत. नदीकाठच्या एका बंद अणुभट्टीपाशी स्ट्रॉन्शियम-९० नदीकडे सरकत होते. स्ट्रॉन्शियम हे रसायनाच्या दृष्टीने कॅल्शियमचे धाकटे भावंड, आणि म्हणूनच ते हाडांत शिरते. तेव्हा ज्या खनिजाची हाडे बनलेली असतात त्याच अपाटाइटची भिंत जमिनीत उभी करावी, असा विचार निघाला. कॅल्शियम, सायट्रेट आणि फॉस्फेट यांचे द्रावण विहिरींच्या रांगेतून वाळूत सोडावयाचे. जिवाणू सायट्रेट खातात, मोकळे झालेले कॅल्शियम फॉस्फेटशी मिळून कणांच्या फटीत अपाटाइट होते, आणि जाणारे स्ट्रॉन्शियम त्याच्या स्फटिकात बांधले जाते. पहिली भिंत सुमारे ९० मीटर लांबीची होती. पुढे ती वाढविण्यात आली. स्ट्रॉन्शियमचे अर्धायुष्यही तीस वर्षांच्या आतबाहेर, म्हणून ही भिंत तीन शतके टिकली तरी तिचे काम झाले. युरेनियमच्या जागीही २०१५ आणि २०१८ साली फॉस्फेटची द्रावणे जमिनीत सोडण्यात आली. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य मात्र ४४७ कोटी वर्षांचे आहे. तेथे मुदतीचा करार होऊ शकत नाही. तेथे नदीचे पाणी, त्यातील कार्बोनेट आणि ते फॉस्फेट यांचे आपसांत कसे जमते यावर पिढ्यान् पिढ्या नजर ठेवावी लागेल, आणि ती ठेवणारी माणसे आज शाळेत बसलेली आहेत.

गुरुजींच्या त्या नळीतील निळी माती प्रयोग संपल्यावर त्यांनी फेकून दिली नाही, एका डबीत भरून कपाटात ठेवली, आणि डबीवर तारीख, मातीचे गाव आणि रंगाचे वजन लिहून ठेवले. आम्हांला तेव्हा त्याचे नवल वाटले. हॅनफोर्डसंबंधी वाचीत असताना ती डबी मला वारंवार आठवते, विशेषतः कोठे किती सोडले याच्या जुन्या नोंदी अपुऱ्या आहेत, असे जेथे जेथे आढळते तेथे.

कोलंबियाचा हॅनफोर्डजवळचा सुमारे ८० किलोमीटरचा टप्पा हा त्या नदीच्या मोजक्या मोकळ्या वाहत्या टप्प्यांपैकी एक, आणि तेथे दर शरदात चिनूक सामन मासे समुद्रातून परत येऊन प्रजनन करतात. मादी शेपटीच्या तडाख्यांनी तळाची रेव उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते, आणि पुन्हा रेव लोटून ती झाकते. महापुरांनी आणलेल्या गाळाचेच ते गोटे; काठाखालचे भूजल त्यांच्याच फटींतून वर येऊन नदीला मिळते.